राखेची रेघ

मला ज्या मुली मिळाल्या त्या उरलेल्या होत्या. नेटबॉलच्या संघात ज्यांची निवड झाली नव्हती, त्या सगळ्यांना मुख्याध्यापकांनी एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, या तुमच्या. मी रांगेवरून नजर फिरवली. पाय चांगले होते, अनवाणी चालून घट्ट झालेले. खो-खोला पाय लागतात, बाकीचं शिकवता येतं. मी म्हटलं, चालेल.

हे मलावीत. आफ्रिकेच्या नकाशात हा देश मला बोट फिरवून शोधावा लागला होता. एका लांबलचक तळ्याच्या काठाला चिकटलेला चिंचोळा देश. मी मोहाडीच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, त्याला वीसच्या वर वर्षं झाली. नागपूरची एक संस्था उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांना स्वयंसेवक म्हणून बाहेरच्या देशांत पाठवते. कोणी विज्ञानाचे प्रयोग शिकवतं, कोणी चित्रकला. त्या वर्षी त्यांना विद्यार्थ्यांसाठी खेळाची कार्यशाळा घेणारं माणूस हवं होतं. पगार नाही, जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय त्यांची. मी नाव दिलं. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते, त्यामुळे "बरं, येते" एवढंच बोलणं झालं.

घरी नवरा म्हणाला, "इथं पोरींले पळवून राहिली, ते कमी पडलं का तुले?"

त्याचं मोहाडीत बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि पाऊस जवळ आला की तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी म्हटलं, दुकानात माझा तसाही उपयोग नाही, स्वयंपाकाचं बोल. स्वयंपाकाचं सासूबाईंनी परस्पर निकालात काढलं. त्या आहेत तोवर कोणी उपाशी राहणार नव्हतं. आमची शेती करडीला आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई मोहाडीत आमच्याजवळ राहतात, पण मन अजून करडीच्या बांधीतच, धानाच्या खाचरातच असतं. माझी बॅग त्यांनी भरली. "आफ्रिकेत ऊन लय राहते म्हणे. सुतीच घे सारं." भंडाऱ्याच्या उन्हात जन्म काढलेल्या बाईने दुसऱ्या मुलखाच्या उन्हाची काळजी करावी याचं मला हसू आलं, पण बॅग काही मी उघडून पाहिली नाही. तिथे उतरले तर हिवाळा. तिकडे ऋतू उलटे असतात हे मी कधीकाळी शाळेत पाठ केलं होतं. पहिल्या सकाळी तळ्यावरून असा वारा सुटला की शिट्टी ओठांत धरवेना. तिथल्या एका शिक्षिकेने अंगातला जांभळा स्वेटर काढला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. बॅग सासूबाईंनी भरली हे मी तिला सांगून टाकलं, आणि तिथे असेपर्यंत तो माझ्याच अंगात राहिला.

ही बाई भूगोल शिकवायची. तिशीच्या आतली, हसरी, चालायला झपाट्याची. मुली चिचेवा बोलायच्या, मी कामापुरतं इंग्रजी, आणि मधला पूल म्हणजे ही. मी गेल्यावर खेळ पुढे चालवायचा झाला तर तोही तिनेच चालवायचा होता, म्हणून ती रोज मैदानावर असायची.

गाव मला परकं वाटलं नाही, हे आधीच सांगते. तळ्याच्या काठाने भाताची शेती होती. धान नुकतंच कापून झालं होतं, बांध्यांमध्ये धसकटं उभी होती, आणि वाळत्या तणसाचा वास करडीतल्यासारखाच होता. जेवायला मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आणि पालेभाजी. दोन दिवस भाताची आठवण आली, तिसऱ्या दिवशी मी गोळा मागून घेतला.

आता मैदानाचं. शाळेला मैदान एकच. दुपारी शाळा सुटली की त्यावर मुलांचा फुटबॉल. एका कोपऱ्यात नेटबॉलचे दोन खांब, तिथे निवडलेल्या मुली. उरलेल्या मुली पाणी भरायला घरी. मुख्याध्यापकांचं बोलणं मोजकं होतं आणि कोट कायम अंगात. त्यांनी पहिल्याच दिवशी अट सांगितली. कार्यशाळेच्या शेवटी पालक येतील, गावचे प्रमुख येतील. त्यांच्यासमोर एक पूर्ण सामना करून दाखवायचा. नीट झाला तर आठवड्यातली एक दुपार मैदान या मुलींचं, कायमचं. नाही झाला तर मी माझ्या घरी आणि त्या त्यांच्या.

मला हे आवडलं. गोड बोलून फोटो काढणारे मुख्याध्यापक मी आपल्याकडे पुष्कळ पाहिलेत. याने सरळ सौदा मांडला.

मुलींना हे कळल्यावर त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी भूगोलाच्या बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलली. नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की जागेवर थांबावं लागतं. ही थांबायची नाही, चेंडू घेऊन पळत सुटायची, म्हणून तिला दरवर्षी वगळायचे. तिला विचारायचं होतं की या खेळात थांबावं लागतं का. मी सांगितलं, बसावं लागतं, पण उठलं की कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही. भूगोलाच्या बाईंनी याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण ती मुलगी हसली, आणि तेव्हापासून मैदानावर सगळ्यांच्या आधी यायला लागली.

खांब निलगिरीचे मिळाले. गावातल्या सुताराने ते तासून गुळगुळीत केले. चुना नव्हता, म्हणून शाळेच्या चुलीतली राख चाळून रेघा मारल्या. खेळ साधा आहे. मधल्या पट्टीवर आठ जणी उकिडव्या बसतात, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे धावते. ती दमली किंवा पळणारी पलीकडे निसटली की बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणायचं. ती उठणार, ही तिच्या जागी बसणार. सगळा जीव या उठण्यात आहे. पंजांवर बसायचं, गुडघे जमिनीला लागू द्यायचे नाहीत, थाप पडली की बाण सुटल्यासारखं निघायचं. गुडघा टेकलेला असला की उठायला एक क्षण जास्त लागतो आणि त्या क्षणात पळणारी पार खांबाच्या पलीकडे.

माझ्या मुलींचे गुडघे टेकायचे. सगळ्यांचे. मी शिट्टी वाजवून रांगेजवळ गेले, की आठही जणींचे गुडघे मातीत. नजर खाली. आणि "खो" इतका हळू, की पाठीवर माशी बसली तरी जास्त कळेल. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने गेले. मोहाडीत मी रांगेच्या डोक्यावर उभी राहते आणि ओरडते. तिथेही उभी राहिले आणि ओरडले. गुडघे उचला, मान वर, आवाज काढा. मी जितकी ओरडले तितक्या त्या वाकल्या. मला वाटलं मांड्यांत ताकद कमी आहे. बेडूकउड्या घातल्या. बेडूकउड्या त्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या मारल्या. मांड्यांचा प्रश्न नव्हता.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा पोट बिघडल्यामुळे मी वर्गात बाकावर पडून होते आणि खिडकीतून मैदान दिसत होतं. मुली आपल्या आपण खेळत होत्या. मी उठून बसले. गुडघे वर, पाठी ताणलेल्या, "खो" खिडकीपर्यंत ऐकू येत होता. उंच मुलगी खांबाला हात घालून अशी वळली की माझ्या जिल्हा पातळीवर खेळलेल्या मुलींनी पाहून घ्यावं. पोटाचं विसरून मी बाहेर गेले. मी मैदानाच्या कडेला पोहोचले आणि रांग खाली बसली. वारा पडल्यावर झाडाचा पाला बसतो तशी.

मी भूगोलाच्या बाईंना बाजूला घेतलं. हे काय आहे, विचारलं.

"तुम्ही मोठ्या आहात," ती म्हणाली. "मोठं माणूस समोर असलं की मुली गुडघ्यावर येतात. डोकं त्यांच्यापेक्षा वर ठेवत नाहीत. आवाज चढवत नाहीत. मीही माझ्या सासऱ्यांसमोर अशीच बसते."

मग मला आधी का नाही सांगितलं?

"मला वाटलं तुम्हाला ते आवडतंय. तुम्ही सारख्या जवळ जाऊन उभ्या राहत होतात."

मी उपाय करायला लागले. उभं राहणं चूक असेल तर बसावं. खुर्ची मागवली, खुर्चीत बसले. गुडघे मातीत. खुर्ची परत पाठवली आणि जमिनीवर मांडी घातली. तर त्या आणखी खाली, जवळजवळ टाचांवर. मी जितकी खाली जाईन तितक्या त्या खाली जायच्या. याहून खाली जायला खड्डा खणावा लागला असता. भूगोलाच्या बाईंना हसू आवरेना, आणि मुलीही खाली माना घालून हसत होत्या हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मी मैदानापासून लांब राहावं हा एक उपाय होता. पण शेवटच्या दिवशी मैदानाच्या कडेला माझ्यासारखी एकटी नाही, गावातली सगळी मोठी माणसं बसणार होती. तेव्हा काय? मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, तुम्ही एकदा मुलींना सांगा, खेळताना गुडघे टेकायची गरज नाही. त्यांनी चष्मा काढला. त्या दिवशी ते माझ्याशी सगळ्यात जास्त वाक्यं बोलले. आयांनी मुली शाळेत पाठवल्या त्या शिकायला. शाळेत जाऊन मुली उद्धट झाल्या असं एकदा गावात पसरलं, तर मैदान राहिलं बाजूला, मुलींचंच येणं बंद होईल. सामना हवा, आणि मान राखलेलाही हवा. दोन्ही जमत नसेल तर सामना नको.

मला राग आला, पण ते चुकीचं बोलत नव्हते. आपल्याकडेही मुलीला मैदानावर टिकवायचं तर आधी तिच्या घरच्यांना टिकवावं लागतं. आमच्या शाळेत मी तेच करत आले आहे. उंच मुलीला हे कळलं तेव्हा ती मैदानावर आली, रेघांवर राख मारली, आणि नेहमीसारखी रांगेत जाऊन बसली. जणू सामना होणारच आहे. मला तिची ही गोष्ट पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून फोन आला. नवऱ्याने पाऊस आला नाही, बी अजून उचललं जात नाही वगैरे सांगितलं आणि फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी आधी जेवणाचं विचारलं, मग थंडीचं. बॅग कोणी भरली होती हा विषय त्यांनी टाळला, मीही टाळला. मग बोलता बोलता मी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "काहून व बाई, बांधी भुलली का?"

एवढंच. पुढे त्या शेजारणीशी बोलायला लागल्या आणि फोन कोणीतरी बंद केला.

बांधी मी भुलले नव्हते, पण तिचा इथे काय संबंध ते मला लागलं नव्हतं. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं. जंगल आणि खाणींचा भाग, वडील खाणीवर. लग्न होईपर्यंत मी रोवणा दुरून पाहिला होता. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात लावायच्या कामाला रोवणा म्हणतात. बायका बांधीत एका ओळीत वाकतात आणि लावत लावत मागे सरकतात. ओळ सरळ राहिली पाहिजे. एखादी मागे पडली की बाजूच्या दोघी तिला ओलांडून जातात आणि ती मधल्या चिखलाच्या तुकड्यात एकटी अडकते. मग बाकीच्या तिची जी काही काढतात ती ऐकण्यासारखी असते. लग्नानंतर दोन वर्षांनी एका रोवण्यात सासूबाई माझ्या बाजूला होत्या. त्यांची कंबर धरली होती आणि त्या मागे पडायला लागल्या. आता बाजूच्या बाईने आवाज द्यायचा असतो. मी दिला नाही. सासूला कसं बोलणार? मी गुपचूप त्यांच्या वाट्याचेही पऱ्हे लावायला लागले, आणि त्या नादात आमच्या दोघींची ओळ वाकडी झाली. सासूबाई सरळ उभ्या राहिल्या, हातातली पेंडी चिखलात आपटली.

"मुकी झाली का व? बांधीत मी सासू नाही. मांगं राहिली त मलेबी बोलाचं."

सगळी ओळ थांबून माझ्याकडे पाहायला लागली. मी घसा साफ केला आणि ओरडले, ओ आई, झोपल्या का? बायका चिखलात बसायच्या बाकी राहिल्या इतक्या हसल्या. सासूबाईंनी मला एक शिवी दिली आणि हात चालवला. दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसलो तेव्हा पहिली भाकर मी त्यांनाच दिली, पाणी आधी त्यांनाच दिलं, आणि त्यांनीही ते सासूसारखंच घेतलं. बांधावर सासू, बांधीत ओळीतली एक बाई. करडीत कोणालाच यात विशेष वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, म्हणून तर ते लक्षात यायला फोन लागला.

त्या दुपारी मी शिट्टी भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात घातली, पँटच्या पायांना दुमड घातली आणि रांगेत एका मुलीला उठवून तिच्या जागी उकिडवी बसले. सुरू करा, म्हटलं.

उंच मुलगी धावत होती. पळणारी माझ्या समोरच्या बाजूला निसटली, म्हणजे खो मलाच द्यायला हवा होता. माझ्या मागे तिची पावलं थांबली. बसलेलीने मागे पाहायचं नसतं, मी पाहिलं नाही. थाप काही पडली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला उकिडवं बसून वाट पाहणं सोपं नसतं. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा मी उठले आणि वळून पाहिलं. तिचा हात हवेत होता आणि चेहरा रडवेला.

मग मी त्यांना बांधी दाखवली. शब्द कमी, अभिनय जास्त. वाकून पऱ्हे लावत मागे सरकले तशा मुली खिदळल्या, कारण हे काम त्यांच्याही हातचं होतं. दोघी-तिघी उठून माझ्याबरोबर लावायलाही लागल्या. भूगोलाच्या बाईंना मी सासू केलं. तिने कंबर धरून इतकं छान कण्हून दाखवलं की मला करडी आठवली. मी तिच्यावर खेकसले. मग राखेच्या रेघेपाशी गेले, बांध ओलांडतात तसा पाय उंच उचलून रेघेबाहेर आले, आणि सासूला दोन्ही हातांनी पाणी दिलं. ती ऐटीत प्यायली. पुन्हा पाय उचलून आत, पुन्हा खेकसणं. भूगोलाच्या बाईंनी मध्ये मध्ये स्वतःचं काहीतरी जोडलं असावं, कारण मी न सांगितलेल्या जागांवरही मुली हसत होत्या. उंच मुलगी हसली नाही. ती रेघेकडे पाहत होती.

मी परत जाऊन बसले. खेळ सुरू झाला. पावलं मागे आली, थांबली. पाठीवर काहीतरी टेकलं, धूळ झटकावी इतकं. मी उठले नाही. म्हटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा टेकलं, जरा जास्त. ऐकू आलं नाही.

"खो!"

आणि अशी थाप बसली की मी तोंडावर वाळूत गेले. दात वाचले. मैदानावर कोणी हललं नाही. मी उठले, तोंडातली वाळू थुंकले आणि पळत सुटले. कोणीही माझ्या हाती लागलं नाही, लागणारही नव्हतं. पण पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून मी तिच्या जागी बसले तेव्हा मागून ज्या आवाजात खेळ पुढे गेला, तो मला खिडकीतून ऐकू आलेला आवाज होता. त्यानंतर मी रोज रांगेत बसले. भूगोलाच्या बाईही बसल्या. आम्हा दोघींच्या पाठी सारख्याच शेकल्या.

माझा बेत ठरला होता. शेवटच्या दिवशीही मी रांगेत बसायचं, म्हणजे मुलींना कडेची माणसं आठवणार नाहीत. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तो मोडला. पाहुणी रांगेत बसत नाही. गावच्या प्रमुखांच्या शेजारी माझी खुर्ची मांडली जाईल. भूगोलाच्या बाईंना पंच व्हायचं होतं, त्यामुळे रांगेत मोठं असं कोणीच राहणार नव्हतं. मी वाद घातला, उपयोग झाला नाही. मुलींना सांगितलं, मी नसेन, तुम्ही खेळा. उंच मुलीने मान हलवली. एवढंच.

त्या दिवशी मी बॅगेतली एकुलती एक साडी नेसून, वरून जांभळा स्वेटर घालून खुर्चीत बसले. एका बाजूला प्रमुख, म्हातारे, काठी टेकून. दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक. मागे वडील मंडळी, पलीकडे जमिनीवर आया, रंगीत कापडं गुंडाळून, काहींच्या पाठीला तान्ही मुलं बांधलेली. नेटबॉल झाला. टाळ्या पडल्या. मग आमच्या मुली आल्या. मी त्यांना धावत मैदानात शिरायला शिकवलं होतं. त्या चालत आल्या आणि राखेच्या रेघेबाहेर, आमच्या समोर थांबल्या. उंच मुलगी गुडघ्यावर आली. तिच्यामागून दोन्ही संघ, सगळ्या. हात जोडून हळू टाळी वाजवत, नजर खाली ठेवून त्यांनी प्रमुखांना नमस्कार केला, वडील मंडळींना केला, आयांकडे वळून त्यांना केला. घाई नाही. म्हाताऱ्याने प्रत्येक वेळी उत्तर दिलं. मुख्याध्यापक समाधानाने मागे रेलले. संपलं, म्हटलं. आता या अशाच आत जाऊन बसणार.

उंच मुलगी उठली. वळली. रेघेपाशी आली आणि पाय उंच उचलून, बांध ओलांडावा तशी, आत गेली. तिच्यामागून एकेक जण तसाच पाय उचलून आत. आत गेल्यावर एकीनेही मागे पाहिलं नाही. आठ जणी बसल्या. पंजांवर. मी खुर्चीतून पुढे झुकून गुडघे पाहिले. आठही जणींचे वर.

हे मी शिकवलं नव्हतं. मी फक्त बांधी दाखवली होती. गावाला बांधावर मान देऊन मग आत शिरायचं, हे तिने शोधलं.

मग शिट्टी झाली आणि पहिलाच "खो" असा आला की म्हाताऱ्या प्रमुखांची काठी हलली. पुढचं सगळं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पाहत होते, लक्षात ठेवत नव्हते. उंच मुलीने खांबाला हात घालून वळण घेतलं आणि लांब हात टाकून एकीला बाद केलं, तेव्हा आयांच्या बाजूने जीभ हलवून काढलेली उंच किलकारी उठली आणि ती शेवटपर्यंत थांबली नाही. एका आईने मुलीचं नाव घेऊन तिला जे सांगितलं त्यावर आजूबाजूच्या बायका एकमेकींवर कोसळल्या. मला भाषा कळली नाही, सूर कळला. मागं राहू नको, असाच काहीतरी. सामना पूर्ण झाला. मुली रेघेपर्यंत आल्या, पाय उचलून बाहेर आल्या, आणि घामाने निथळत पुन्हा गुडघ्यावर.

मी माझ्या मुलींना जिल्ह्याच्या ढाली उचलताना पाहिलं आहे. विभागावर खेळताना पाहिलं आहे. त्या दिवशी मला जसं वाटलं तसं तेव्हा वाटलं नव्हतं, आणि ते मी लपवणार नाही.

मुख्याध्यापकांनी कोटाचं बटण लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बुधवार. राख चुलीवरून घ्या, मी सांगून ठेवतो." एवढ्यावर आमचा सौदा पुरा झाला. निघताना मी स्वेटर परत करायला गेले तर भूगोलाच्या बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी बॅग कोण भरणार आहे ते माहीत आहे, ठेवा.

मोहाडीत परतले तोवर पाऊस लागला होता आणि करडीला रोवणा सुरू होता. नवरा दुकानातून मान वर काढायला तयार नव्हता. "आली का विदेशातून? वजन त कमी नाही झालं," एवढं बोलून तो पुन्हा गिऱ्हाइकांत गेला. पण गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना मी कुठे गेले होते, काय शिकवलं, कितींनी पाहिलं, हे सगळं आधीच माहीत होतं. ते कोणी सांगितलं हे विचारायची मला गरज पडली नाही.

भूगोलाच्या बाई बुधवारी व्हिडिओ पाठवतात. पहिला आला तेव्हा मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मैदानाच्या कडेला शाळेतले कोणी मोठे उभे होते, मुलींनी त्यांच्यापुढे गुडघे टेकले, मग एकेक जण पाय उचलून रेघेच्या आत गेली. रांगेत भूगोलाच्या बाईही बसल्या होत्या. उंच मुलगी धावत आली आणि तिने त्यांच्या पाठीत अशी थाप घातली की त्या पुढे धडपडल्या.

"हे कोणती पोरगी व?"

मी सांगितलं, हीच ती.

त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावायला लावला. मग आणखी एकदा. कंबर आता त्यांना वाकू देत नाही, रोवण्याच्या दिवसांत त्या बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सगळ्यांवर ओरडतात.

"इले रोवण्याले आन," त्या म्हणाल्या. "माह्या बाजूले ठेवजो."

तुम्ही कुठे आता वाकता, मी म्हटलं.

"वाकतो नं. कोणी बोलणारी असली त वाकतो."